टेस्ट अडकली नाही, डिबगर दुसऱ्या खिडकीत बसलाय: प्रीलोडरसोबत डिबगर कसा वापरायचा

मागच्या दिवाळीच्या सुमारास गावातल्याच एका पोराचा रात्री साडेनऊला फोन आला. "दादा, टेस्ट लावली तं अडकूनच बसली. काहीच नाही येऊन रायलं. लॅपटॉप हँग झाला वाटते."

कोडमध्ये डिबगरची ओळ (चालता कोड तिथेच थांबवून आत बघू देणारी) टाकली का, विचारलं. "हो, एकच." दुसरी टर्मिनल खिडकी उघडी आहे का? "आहे ना, तिच्यात तो टेस्टचा सर्व्हर चालू आहे." तिच्यात बघ म्हटलं. दोन-तीन सेकंद शांतता. मग, "अरे बाप्पा, इथं येऊन बसला हा!"

हेच कळायला मी एके काळी दोन दिवस घालवले होते. त्यात एकदा सगळं लिनक्स पुन्हा टाकलं, तेही मोबाइलच्या डेटावर. म्हणून हा लेख. रुबी ऑन रेल्सवर नुकतेच काम करू लागलेले, गावातून किंवा तालुक्यावरून काम करणारे, शेजारी विचारायला कोणी नसलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी.

एक सांगून ठेवतो: आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या.

## १. आधी विस्तव कोण राखतो ते समजून घ्या

आमच्याकडे आजी रात्री चूल विझवत नसे. निखारे राखेखाली झाकून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली, दोन काड्या टाकल्या, की चहा. प्रीलोडर हेच करतो. रेल्सचं ॲप पहिल्यांदा उठायला वेळ खातं, माझ्या जुन्या चार जीबीच्या लॅपटॉपवर वीस-बावीस सेकंद. टेस्ट स्वतः अर्ध्या सेकंदाची आणि तिच्यासाठी दर वेळी बावीस सेकंद थांबायचं, हे कोणाला परवडणार? म्हणून प्रीलोडर ॲप एकदाच उठवून ठेवतो. तुम्ही टेस्ट लावली की तो त्या तयार प्रोसेसची झेरॉक्स काढतो, टेस्ट त्या झेरॉक्समध्ये धावते, आणि काम झालं की ती प्रत फेकून दिली जाते. या झेरॉक्स काढण्याला फोर्क म्हणतात.

आता डिबगर. त्याला तुमच्याशी बोलायचं असतं, म्हणजे त्याला एक कीबोर्ड लागतो. टेस्ट तुम्ही एका खिडकीतून लावली, पण धावते आहे ती प्रीलोडरच्या पोटातून निघालेल्या प्रतीत. मग कीबोर्ड कोणाचा? सगळा घोळ या एका प्रश्नात आहे.

स्पोर्क आणि स्प्रिंग हे रेल्सवाल्यांचे दोन प्रीलोडर. जुन्या स्पोर्कमध्ये टेस्टचं छापलेलं उत्तर तुमच्या खिडकीत येतं, पण कीबोर्ड सर्व्हरच्या खिडकीचा राहतो. म्हणून डिबगरचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची जागा, तिकडे जातो आणि इकडे नुसती शांतता. स्प्रिंगने यावर चांगला तोडगा काढला. तुम्ही आज्ञा दिलीत की तुमच्या खिडकीचं इनपुट, आउटपुट आणि चुकांचा प्रवाह, तिन्ही तो युनिक्स सॉकेटमधून त्या प्रतीच्या हातात देतो. त्यामुळे स्प्रिंगसोबत डिबगर तुम्ही टेस्ट लावली त्याच खिडकीत उघडतो. उघडायला हवा, असं म्हणू. न उघडण्याची कारणं पुढे आहेतच.

स्प्रिंग २०१४ च्या रेल्स ४.१ पासून आपोआप यायचा, २०२१ अखेरच्या रेल्स ७.० पासून तो मुद्दाम टाकावा लागतो. त्यामुळे नोकरीत जुना प्रोजेक्ट हाती आला तर स्प्रिंग असण्याची शक्यता जास्त, आणि फारच जुना असेल तर स्पोर्क.

## २. काय काय लागतं

- लिनक्स किंवा मॅक. विंडोजवर फोर्क नाही, त्यामुळे स्प्रिंग थेट चालत नाही. विंडोजच असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाका: ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघडायची आणि ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’.
- रुबी आणि बंडलर, प्रोजेक्टच्या ‘.रुबी-व्हर्जन’ फाइलमध्ये असेल तीच आवृत्ती.
- एक डिबगर जेम (जेम म्हणजे रुबीचं तयार पॅकेज). रेल्स ७ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये ‘डिबग’ असतो, त्याआधीच्यात बहुतेक ‘बाइबग’. काही टीम ‘प्राय’ नावाचा जेम वापरतात, त्यात पाऊल-पाऊल पुढे जायला ‘प्राय-बाइबग’ वेगळा टाकावा लागतो.
- प्रीलोडर, म्हणजे ‘स्प्रिंग’. टेस्ट आरस्पेकमध्ये (टेस्ट लिहायची दुसरी पद्धत) असतील तर सोबत ‘स्प्रिंग-कमांड्स-आरस्पेक’.
- टीमक्स, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम. सातव्या पायरीत कळेल कशाला.

डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांनी प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवायचा. सी ड्राइव्हवर ठेवून तिथून चालवला तर फाइली वाचायलाच इतका वेळ जातो की प्रीलोडरचा फायदा गेला पाण्यात. आणि जेम उतरवायचं काम रेंज चांगली असेल तेव्हा एकदाच उरकून घ्या. मी तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून करतो.

## ३. प्रीलोडर बसवा, मग खरंच चालू आहे का ते बघा

जेमफाइलच्या डेव्हलपमेंट गटात स्प्रिंग लिहा, ‘बंडल इन्स्टॉल’ करा, मग ‘बंडल एक्झेक स्प्रिंग बिनस्टब --ऑल’. या शेवटच्या आज्ञेने बिन फोल्डरमधल्या फाइलींना स्प्रिंगची जोडणी होते. ती दिली नाही तर स्प्रिंग नुसता जेमफाइलमध्ये पडून राहतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांची राहते. ‘कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट्स/टेस्ट’ फाइलमध्ये कोड पुन्हा वाचण्याची सोय चालू पाहिजे: रेल्स ७.१ पासून ‘एनेबल_रीलोडिंग’ ट्रू, त्याआधी ‘कॅश_क्लासेस’ फॉल्स. नाहीतर तुम्ही कोड बदलाल आणि प्रीलोडर जुनाच कोड चालवत बसेल. नवीन स्प्रिंग तर त्याशिवाय चालूच होत नाही, चूक दाखवतो.

आता ‘बिन/रेल्स टेस्ट’ द्या. पहिल्याच ओळीत "रनिंग व्हाया स्प्रिंग प्रीलोडर इन प्रोसेस" आणि पुढे एक आकडा दिसला, म्हणजे चालू आहे. ‘बिन/स्प्रिंग स्टेटस’ दिलं तर सर्व्हर कोणता, ॲपची प्रोसेस कोणती, कधीपासून चालू आहे, टेस्ट मोडमध्ये आहे की डेव्हलपमेंटमध्ये, सगळं दिसतं. डिबगरला हात लावण्याआधी हे एकदा बघायची सवय लावून घ्या.

## ४. एकच टेस्ट, एकच ओळ

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. जिनिंगसाठी काटापट्टीचा छोटा प्रोग्राम समजा. कापसाची गाडी भरलेली वजन केली, २८६० किलो. खाली करून रिकामी, १४२० किलो. निव्वळ कापूस १४४० किलो, म्हणजे १४.४ क्विंटल. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. शेतकऱ्याला मिळायला हवेत १,०८,३०२ रुपये ४० पैसे. टेस्ट म्हणते प्रोग्रामने दिले १,०५,२९४. तीन हजार आठ रुपये गेले कुठे?

रक्कम काढणाऱ्या मेथडमध्ये, जिथे क्विंटल मोजून झालेत आणि रुपये काढायचे आहेत, त्या दोन ओळींच्या मध्ये नुसतं ‘डिबगर’ असं लिहा. हा शब्द ‘डिबग’ आणि ‘बाइबग’ दोन्हींना कळतो. प्राय असेल तर ‘बाइंडिंग.प्राय’. कुठलाच जेम नसेल तर ‘बाइंडिंग.आयआरबी’, रुबी २.४ पासून तो सोबतच येतो. मात्र त्यात थांबून बघता येतं, एकेक ओळ पुढे नेता येत नाही.

सगळ्या टेस्ट लावू नका. फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक असं देऊन तेवढी एकच टेस्ट लावा. अख्खा संच लावलात तर ती मेथड पंचवीस टेस्टमधून बोलावली जाईल आणि डिबगर पंचवीस वेळा थांबेल.

प्रॉम्प्ट आला. आता ‘निव्वळ’ टाइप केलं, १४४० आलं. बरोबर. ‘क्विंटल’ टाइप केलं.

१४.

सापडलं. रुबीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांकच येतं, पुढचा अपूर्णांक कापला जातो. १४४० भागिले १०० म्हणजे १४, आणि वरचे चाळीस किलो हवेत. तिथल्या तिथे प्रॉम्प्टवर ‘निव्वळ.टू_डी’ करून भागून बघा, १४.४ येतं. पैशाचा हिशोब असल्यामुळे मी साधा फ्लोट न वापरता बिगडेसिमल करणारा ‘टू_डी’ घेतला. फ्लोटमध्ये पैशांच्या शेपटीला भलतेच अंक लागू शकतात.

(हो, रुबीत व्हेरिएबलला ‘निव्वळ’ असं देवनागरीत नाव देता येतं. अंक मात्र इंग्रजीच लागतात. ऑफिसच्या कोडमध्ये करू नका, टीम बोंबलेल. शिकताना करा, मजा येते.)

लागणाऱ्या आज्ञा मोजक्याच: ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढची ओळ, ‘स्टेप’ म्हणजे मेथडच्या आत, ‘फिनिश’ म्हणजे या मेथडमधून बाहेर, ‘अप’ म्हणजे हिला कोणी बोलावलं तिथे, ‘कंटिन्यू’ म्हणजे सोड, जाऊ दे. ‘बॅकट्रेस’ने सगळी साखळी दिसते. ‘डिबग’ जेममध्ये ‘इन्फो’ दिलं की त्या जागेचे सगळे व्हेरिएबल एका दमात समोर येतात, मी पहिल्यांदा तेच करतो.

एक सापळा. नेक्स्टचं लघुरूप ‘एन’ आहे. तुमच्या व्हेरिएबलचंही नाव ‘एन’ असेल आणि किंमत बघायला ते टाइप केलंत, तर डिबगर किंमत न दाखवता एक ओळ पुढे निघून जातो. ‘पी एन’ लिहा. ‘सी’ नावाचा व्हेरिएबल असेल तर आणखी वाईट, तो थेट कंटिन्यू होतो आणि टेस्ट संपून जाते.

## ५. प्रॉम्प्ट आलाच नाही तर

याच क्रमाने तपासा. मी कित्येकदा उलट्या क्रमाने गेलो आणि संध्याकाळ घालवली.

दुसऱ्या खिडक्या बघा. स्पोर्क असेल तर प्रॉम्प्ट सर्व्हरच्या खिडकीत असतो, तिथेच उत्तरं द्यायची. रुबी-डिबग या जुन्या डिबगरच्या काळातला प्रोजेक्ट असेल तर स्पेक हेल्परच्या प्रीफोर्क भागात ‘स्पोर्क/एक्स्ट/रुबी-डिबग’ जोडलेलं लागतं. तो भाग सर्व्हर उठताना एकदाच वाचला जातो, त्यामुळे बदल केला की स्पोर्क बंद करून पुन्हा लावा.

समांतर टेस्ट बंद करा. रेल्स ६.० पासून टेस्ट अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालवता येतात. अशा एखाद्या वाट्यात डिबगर थांबला तर त्याच्याकडे धड कीबोर्ड नसतो, किंवा दोन डिबगर एकाच कीबोर्डसाठी भांडतात. तुम्ही अर्धी आज्ञा टाइप करता, निम्मी अक्षरं एकाकडे, निम्मी दुसऱ्याकडे. आज्ञेच्या आधी ‘पॅरलल_वर्कर्स=१’ लावा, इंग्रजीत सगळी अक्षरं कॅपिटल. रेल्स ७.० पासून पन्नासपेक्षा कमी टेस्ट असतील तर वाटणी आपोआप होत नाही. म्हणून एकच टेस्ट लावली की डिबगर नीट वागतो आणि अख्खा संच लावला की बिघडतो. याने गोंधळून जाऊ नका.

गार्ड चालू आहे का? फाइल सेव्ह केली की आपोआप टेस्ट लावणारा गार्ड स्वतःही कीबोर्ड ऐकत असतो. तो आणि डिबगर, दोघांचा हात एकाच वाटीत. गार्डला ‘-आय’ देऊन चालवा म्हणजे तो ऐकणं सोडतो. किंवा डिबग करताना गार्ड सरळ बंद करा, मी तेच करतो.

प्रीलोडरशिवाय एकदा लावून बघा. आज्ञेच्या आधी ‘डिसेबल_स्प्रिंग=१’, हेही कॅपिटलमध्ये. आता प्रॉम्प्ट आला तर दोष प्रीलोडरच्या जोडणीत. तरी नाही आला तर तुमची डिबगरची ओळ धावतच नाहीये, वरच्याच एखाद्या ‘रिटर्न’ने मेथड संपतेय. खरं सांगू? निम्म्या वेळा हेच निघतं.

जेमफाइलमधली ओळ बघा. ‘डिबग’ जेमला ‘रिक्वायर’ म्हणून ‘डिबग/प्रील्यूड’ दिलेलं असावं. तसं असलं की डिबगर प्रीलोडरमध्ये आधीच जागा होत नाही, तुमची ओळ आल्यावरच, त्या प्रतीत उठतो.

एवढं करूनही कीबोर्ड जुळतच नसेल, तर डिबगरला दुसरीकडून जोडा. आज्ञेच्या आधी ‘रुबी_डिबग_ओपन=ट्रू’ (पहिला भाग कॅपिटल) लावा. टेस्ट थांबली की दुसऱ्या खिडकीत ‘आरडीबीजी -ए’ द्या, इथला ए कॅपिटल. प्राय वापरत असाल तर ‘प्राय-रिमोट’ हेच काम करतो. फोरमनखाली (तो एकाच खिडकीत अनेक प्रोसेस चालवतो) चालणाऱ्या ‘बिन/डेव्ह’मध्ये सर्व्हर डिबग करायचा असला तरी हीच युक्ती, कारण तिथेही अडचण कीबोर्डचीच आहे.

## ६. थांबलेलं असताना फसवणाऱ्या गोष्टी

डिबगर थांबलेला असताना एडिटरमध्ये कोड दुरुस्त केलात, तर चालू प्रतीला त्याचा पत्ता नसतो. तिने जुना कोड घेऊनच जन्म घेतलाय. कधी कधी तर डिबगर पडद्यावर नवीन फाइल दाखवतो आणि धावतो जुनी, मग बाण भलत्याच ओळीवर दिसतो. सोडा, पुन्हा लावा.

टेस्टने डेटाबेसमध्ये टाकलेली नोंद दुसऱ्या खिडकीतून पीएसक्यूएलने (पोस्टग्रेस डेटाबेसला थेट विचारायचा प्रोग्राम) शोधली तर सापडत नाही. घाबरू नका. रेल्स प्रत्येक टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी ती उलटवतो, त्यामुळे बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. डिबगरच्या प्रॉम्प्टवरूनच मॉडेलला विचारा. याच कारणाने, एक टेस्ट थांबलेली असताना दुसऱ्या खिडकीत दुसरी लावू नका. एसक्यूलाइट असेल तर "डेटाबेस इज लॉक्ड" येतं. पोस्टग्रेस तर काही न बोलता वाट पाहत बसतो, आणि तुम्हाला वाटतं पुन्हा अडकलं.

ब्राउझर उघडणाऱ्या सिस्टम टेस्टमध्ये डिबगरवर थांबवून चहाला गेलात, तर परत आल्यावर टाइमआउटची चूक दिसू शकते. ती तुमच्या कोडची चूक नाही.

आणि नवीन कोड लिहूनही जुनाच वागतोय असं वाटलं की ‘बिन/स्प्रिंग स्टॉप’. पुढच्या टेस्टला तो आपोआप उठतो. जेम बदलला, इनिशियलायझर बदलला, ‘.ईएनव्ही’ फाइल बदलली, ब्रांच बदलली, की मी न विचारता स्टॉप करतो. यातल्या काही बदलांवर स्प्रिंग स्वतः नजर ठेवतो, पण बावीस सेकंद वाचवायच्या नादात अर्धा दिवस घालवण्यापेक्षा हे स्वस्त.

## ७. नेट तुटतं तिथे

काही कंपन्यांत कोड आपल्या लॅपटॉपवर नसतो, एसएसएचने त्यांच्या मशीनवर जाऊन काम करावं लागतं. लाईट गेली की टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो, हे आपल्याला नवीन नाही. डिबगरमध्ये दहा पावलं आत गेलेलो, चूक हाताशी आलेली, आणि कनेक्शन गेलं. परत आल्यावर पहिल्यापासून.

म्हणून तिथे गेल्यावर पहिली आज्ञा ‘टीमक्स’. टेस्ट आणि डिबगर त्याच्या आत चालवा. नेट गेलं तरी ते त्या मशीनवर जिथल्या तिथे थांबून राहतं. परत जोडून ‘टीमक्स अटॅच’ दिलं की प्रॉम्प्ट त्याच ओळीवर.

डिबगर अर्धवट तुटल्यावर टर्मिनल विचित्र वागतं: टाइप केलेलं दिसत नाही, एंटर दाबलं की ओळ तिरकी जाते. न दिसताच ‘रीसेट’ लिहा आणि एंटर दाबा, बहुतेक वेळा ठिकाणावर येतं. मागे प्रोसेस राहिली असेल तर ‘पीएस’मध्ये शोधून ‘किल’ करा.

## ८. निघताना

डिबगरची ओळ काढा. मी एकदा ती तशीच पाठवली आणि टीमची आपोआप चालणारी तपासणी वेळ संपेपर्यंत त्याच ओळीवर उभी राहिली. तिथे उत्तर द्यायला कीबोर्डवर कोणी बसलेलं नसतं. तेव्हापासून कमिटच्या आधी ‘गिट ग्रेप’ करून ‘डिबगर’ आणि ‘बाइंडिंग.’ शोधतो. प्रोजेक्टमध्ये रुबोकॉप (कोड तपासणारा जेम) असेल तर त्याचा ‘लिंट/डिबगर’ नियम हेच पकडतो, तो कोणी बंद केलेला नाही ना एवढं बघा.

लॅपटॉप चार जीबीचा असेल तर झाकण लावण्याआधी ‘बिन/स्प्रिंग स्टॉप’ही द्या. राखेखालचा विस्तव मेमरी खात राहतो, आणि सकाळी ब्राउझर उघडायला जागा उरत नाही.